खापर इथेनॉलवर, पांघरूण पायावर

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये देशभर एक मोठा गदारोळ उठला. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे गाड्यांचे ॲव्हरेज पडले, इंजिने खराब होणार, ग्राहकाला विचारले कोणी नाही, अशा तक्रारींनी वृत्तपत्रांचे रकाने आणि मोबाइलचे पडदे भरून गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. कायद्यापुरता विषय तेथे संपला; परंतु पेट्रोल पंपावरची, कट्ट्यावरची आणि जेवणाच्या टेबलावरची चर्चा काही संपली नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरूर आणि दौंड या तालुक्यांत, या चर्चेला एक निराळी किनार होती. हा उसाचा पट्टा. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर वाढलेला ऊस येथल्या कारखान्यांच्या गव्हाणीत पडतो, आणि साखरेच्या जोडीने आसवनीतून निघणारे इथेनॉल हा आज कारखान्यांच्या ताळेबंदाचा एक आधार आहे. एकाच घरातला थोरला भाऊ उसाच्या बिलाची वाट पाहतो आणि धाकटा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पुण्यात चारचाकीने नोकरीला जातो. थोरल्याला इथेनॉल हवे असते. धाकटा त्याच इथेनॉलच्या नावाने बोटे मोडत असतो. भांडण घरातलेच आहे, म्हणून ते नीट तपासून पाहिले पाहिजे.

धाकट्याची तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, हे रसायनशास्त्र आहे. त्याला प्रचाराने झाकता येत नाही. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालातच ही घट सांगितली होती. शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांत सुमारे सहा ते सात टक्के, तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के, आणि नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के. म्हणजे जुन्या गाडीचा मालक लिटरमागे पंधरा किलोमीटरऐवजी चौदा किलोमीटर जाऊ लागला. एक किलोमीटर गेला. त्या एका किलोमीटरसाठी केवढा हा संताप!

आता दुसरा आकडा पाहावा. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१३ मध्ये चौऱ्याहत्तर मोटारींच्या चाचण्यांवरून निष्कर्ष मांडला की ताशी ८० किलोमीटरवरून सुमारे ९७ वर गेल्यास इंधनाची किफायत सरासरी बारा टक्क्यांनी घसरते. तेथून ११३ वर गेल्यास आणखी चौदा टक्क्यांनी. दोन्ही एकत्र धरले तर जवळजवळ चौथा हिस्सा गेला. पंधरा किलोमीटर देणारी गाडी अकरा-साडेअकरावर आली. येथे सहा टक्के नव्हे, पंचवीस टक्के गेले. आणि ते कोणत्याही मंत्रालयाने घेतले नाहीत, कोणत्याही आसवनीने घेतले नाहीत. ते चालकाच्या उजव्या पायाने घेतले. त्या पायाविरुद्ध न्यायालयात याचिका दाखल झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर किंवा पुणे-सोलापूर महामार्गावर यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ या टापूत कोणत्याही सकाळी उभे राहावे. गाड्या वाऱ्याला फाडत जातात, असे आपण कौतुकाने म्हणतो. हा वारा फाडणे म्हणजे काय, हे मात्र आपण ध्यानात घेत नाही. गाडी धावते तेव्हा ती समोरची हवा बाजूला सारते. त्या हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट केला, म्हणजे साठाचा नव्वद केला, तर विरोध दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. आणि त्याला तोंड देण्यासाठी इंजिनाला लावावी लागणारी शक्ती तिपटीहून अधिक होते. कमी वेगात इंजिनाची बरीचशी शक्ती चाकांच्या घर्षणावर आणि यंत्राच्या स्वतःच्या हालचालीवर खर्च होते, म्हणून अगदी रांगत चालणेही किफायतीचे नाही. लहान मोटारीला वरच्या गिअरमध्ये साधारण पन्नास ते सत्तर हा टप्पा मानवतो. त्यापुढे हवा कर वसूल करू लागते, आणि ऐंशीच्या पुढे तो कर जिझियासारखा दर पावलाला वाढत जातो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था १९७८ पासून ताशी ४५ ते ५५ चा वेग राखण्याचा उपदेश करीत आली आहे. तो आकडा जुन्या गाड्यांचा म्हणून आजच्या गाड्यांना थोडा वर सरकवून घ्यावा. त्यातला अर्थ मात्र जुना झालेला नाही.

आणि इतके इंधन जाळून मिळवायचे काय, तर वेळ. शिरूर ते वाघोली हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. सरासरी साठने गेल्यास पन्नास मिनिटे लागतात, सरासरी ऐंशीने गेल्यास साडेसदतीस. बारा-तेरा मिनिटांची ही कमाई. परंतु ही सरासरी ऐंशी राखण्यासाठी मोकळा रस्ता दिसेल तेथे शंभर-एकशेदहाचा वेग घ्यावा लागतो, कारण शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा येथे गर्दी वेग खाली ओढतेच. मग वाघोलीच्या कोंडीत मागून येणारा साठवाला त्याच रांगेत, चार गाड्या सोडून मागे, येऊन उभा राहतो. रांजणगावच्या पुढे ज्याने त्याला हॉर्न देऊन बाजूला सारले होते तोच आता आरशात दिसतो. त्या दोघांत फरक एवढाच की एकाच्या टाकीत लिटर-दीड लिटर पेट्रोल शिल्लक आहे आणि दुसऱ्याच्या कपाळावर आठी.

वेगापेक्षाही अधिक नासाडी वेगाच्या चढउताराने होते, आणि याकडे आपले लक्ष फारच कमी जाते. प्रवाशांसह बाराशे किलो वजनाची मोटार ताशी ऐंशीने धावत असताना तिच्या अंगी जी गतिज ऊर्जा असते ती पेट्रोल जाळूनच आलेली असते. पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो, हे लक्षात घेऊन हिशेब केला तर ऐंशीवरून वीसवर येण्यासाठी एकदा करकचून ब्रेक लावणे म्हणजे सुमारे तीस मिलिलिटर पेट्रोल ब्रेकच्या पट्ट्यांवर उष्णता करून उधळणे होय. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे लहान झाकण असते, तशी तीन झाकणे. न्हावरे, पारगाव, केडगाव करीत शिरूरहून चौफुल्याला जाताना गतिरोधक किती लागतात हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. प्रत्येक गतिरोधकाच्या दहा पावले आधीपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि मग ब्रेकवर उभे राहायचे, ही जी आपली रीत, तिच्यामुळे असे दहा-बारा गतिरोधक गाठेपर्यंत पाव-तृतीयांश लिटर पेट्रोल वाया गेलेले असते. तेच जर दोनशे मीटर आधी पाय उचलला, तर गाडी आपल्याच ऊर्जेवर तेथपर्यंत जाते. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर पडलेला असताना पाय उचलला की इंजिनाला इंधन मिळणे जवळजवळ बंदच होते. म्हणूनच पाटसजवळच्या रोटी घाटाच्या उताराला गाडी न्यूट्रल करून सोडून देणारे आणि त्यात पेट्रोल वाचवल्याचे समाधान मानणारे दुहेरी चूक करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतेच; शिवाय उतारावर इंजिनाचा धाक सुटतो तो वेगळाच. कार्ब्युरेटरच्या काळातील ही शहाणीव कार्ब्युरेटरबरोबर संपायला हवी होती.

टायरमधील हवा, टपावर बांधलेला कॅरिअर, विनाकारण चालू ठेवलेले इंजिन या गोष्टी प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत छापलेल्या असतात. ते पान कोणी उघडत नाही. हवा कमी असेल तर दर पौंडामागे किफायत किंचित घटते, हे खरे तर किरकोळ आहे. टपावर मोठी पेटी बांधून महामार्गाच्या वेगाने जाणे किरकोळ नाही. त्याने दहा ते पंचवीस टक्के इंधन अधिक लागू शकते. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते, एसी चालू असेल तर अधिक. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याला साधारण दहा सेकंद चालू ठेवण्याइतकेच इंधन लागते. रेल्वे फाटकावर गाडी पाच मिनिटे घरघरत ठेवणाऱ्याने हे एकदा ऐकून घ्यावे.

या सगळ्यात शिरूर तालुक्याच्या वाट्याला एक विलक्षण योगायोग आला आहे. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देणारे म्हणून ज्या एका इंजिनाने दहा-बारा वर्षे भारतीय मध्यमवर्गावर राज्य केले, ते फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन रांजणगावात तयार होत असे. टाटांच्या गाड्यांत ते बसले, मारुतीने ते घेतले. देशातील कितीतरी घरांच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली शिरूर तालुका धडधडत होता. २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे निकष आले आणि त्या इंजिनाचे उत्पादन थांबले. अशा गावच्या माणसांना किफायतीचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये. परंतु आपण ॲव्हरेजचा प्रश्न विकणाऱ्याला विचारतो, स्वतःला विचारत नाही. जाहिरातीतला आकडा पुण्याच्या टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत रोलरवर, ठरलेल्या चक्रानुसार मोजला जातो. आजवरच्या भारतीय चाचणीत मोटारीचा वेग ताशी नव्वदच्या पुढे जातच नाही आणि त्या चक्रात पुढच्याला कट मारणे नसते. त्या आकड्याशी आपला आकडा जुळत नाही म्हणून कंपनी खोटी, इथेनॉल खोटे, सरकार खोटे. आपला पाय मात्र खरा!

"पैसे माझे आहेत, मी जाळीन" हे एक उत्तर नेहमी ऐकू येते. हे उत्तर देणारा माणूस बहुधा सुशिक्षित असतो, घरात स्वातंत्र्यदिनाला झेंडा लावतो, शेजारच्या राष्ट्राचा माल घेऊ नये असे संदेश पाठवतो. त्याने एवढेच समजून घ्यावे की पंपावर तो जे देतो ते रुपये त्याचे आहेत. त्या तेलासाठी देश जे देतो ते डॉलर त्याचे नाहीत. भारत आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी शंभरात सुमारे ८७ भाग बाहेरून आणतो. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात कच्च्या तेलाच्या आयातीवर देशाने १३० अब्ज डॉलरहून अधिक खर्च केले. १९९०-९१ मध्ये आखाती युद्धाने तेल भडकले, परकीय गंगाजळी आटली, आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावे लागले. त्या लाजिरवाण्या दिवसांना अनेक कारणे होती, पण तेल हे त्यांतील एक मोठे कारण होते. स्वदेशीचा विचार साबण आणि टूथपेस्टपाशी थांबत असेल आणि टाकीच्या झाकणापाशी पोहोचत नसेल, तर तो विचार अर्धाच राहिला.

आकड्यांनी बोलायचे तर २०२३-२४ मध्ये देशाने सुमारे ३ कोटी ७२ लाख टन पेट्रोल जाळले. पायाची शिस्त पाळून यातील केवळ दहा टक्के वाचले, तर ते ५०० कोटी लिटर होते. २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात साऱ्या देशाने पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल सुमारे ७०० कोटी लिटर होते. आणि त्या प्रत्येक लिटरमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा. म्हणजे साखर कारखाने, आसवन्या, धान्याचे प्रकल्प, टँकर, कर्जे, अनुदाने या सगळ्या खटाटोपातून जेवढे पेट्रोल वाचते, तेवढे एकही टिपरू न गाळता केवळ शहाणपणाने गाडी हाकून वाचू शकते. आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही. शेतकऱ्याच्या घामाला मोल देणारे ते धोरण आहे. परंतु एका हाताने शेतकऱ्याकडून इंधन घ्यायचे आणि दुसऱ्या पायाने ते उधळायचे, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

येथे पाण्याचा हिशेब मांडावाच लागतो, कारण शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले आहेत. नदीकाठ आणि कालव्याचे लाभक्षेत्र सोडले की उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. घोड धरणाचे आवर्तन कधी सुटणार, चासकमानचे पाणी शेवटच्या गावापर्यंत पोहोचणार की नाही, खडकवासल्याच्या कालव्यातून दौंडला काय उरणार, यावर येथे दर वर्षी बैठका होतात, निवेदने दिली जातात, माणसे एकमेकांशी अबोला धरतात. नीती आयोगाच्याच अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करण्यामागे सुमारे २८६० लिटर पाणी लागते. वीस टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये दोनशे मिलिलिटर इथेनॉल असते. ते उसापासूनचे असेल तर त्यामागे ५७० लिटर पाणी उभे आहे. रांजणगावच्या पुढे मोकळा रस्ता पाहून ज्याने एक लिटर जास्तीचे जाळले, त्याने तळाच्या गावातील एका कुटुंबाचे दोन दिवसांचे पाणी वाऱ्यावर सोडले. कालव्याच्या फाट्यावर रात्री दारे फोडणाऱ्याला आपण पाणीचोर म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रस्ते खड्ड्यांचे, गतिरोधक नियमबाह्य, चौकांत तासभर कोंडी, मग चालकालाच का दोष द्यायचा? आक्षेपात तथ्य आहे, आणि शासनाला त्यातून सुटका नाही. शिक्रापूरच्या चौकात रोज उभ्या गाड्यांतून जे डिझेल जळते ते चालकाच्या स्वभावाने नव्हे, नियोजनाच्या दुष्काळाने जळते. चाकणकडून येणारी अवजड वाहने, औद्योगिक वसाहतींच्या बसगाड्या आणि गावची वाहतूक एकाच चिंचोळ्या जागेत कोंबल्यावर दुसरे काय होणार? त्याबद्दल लोकप्रतिनिधींना जाब विचारलाच पाहिजे. परंतु जो रस्ता मोकळा आहे तेथे एकशेदहाने जाण्याचा आदेश कोणत्या खात्याने काढला होता? केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी शंभर आणि इतर रस्त्यांवर सत्तर. ही कमाल मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत अतिवेग हे कारण आहे. उसाच्या हंगामात रात्री दोन ट्रेलर ओढणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर समोर येतो तेव्हा साठचा चालक थांबू शकतो. एकशेदहाचा थांबू शकत नाही. त्या ट्रॅक्टरला परावर्तक पट्टी न लावणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा, हेही खरेच. पण ती पट्टी लागेपर्यंत जगायचे असेल तर पाय आवरावा लागतो.

विजेच्या गाड्या आल्या की हा प्रश्नच उरणार नाही, असे काही तरुण म्हणतात. हवेचा विरोध बॅटरीला ओळखत नाही. अतिवेगाने विजेच्या गाडीचाही पल्ला असाच घटतो, आणि तो घटला की चार्जिंगच्या रांगेत उभे राहावे लागते.

आता थोडे आपल्या घरातले. मोटारसायकलींच्या फेऱ्या आपण काढतो. शंभर दुचाकी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पिळत, दोन-दोन तास गावातून फिरतात. सभेच्या मांडवाबाहेर पाहुण्यांच्या गाड्या इंजिन आणि एसी चालू ठेवून उभ्या असतात, कारण पाहुणे बाहेर येतील तेव्हा गाडी थंड असली पाहिजे. आत व्यासपीठावर पर्यावरण आणि नागरी कर्तव्य हाच विषय चालू असतो! उत्साहाला आमचा विरोध नाही. पण फेरी पायी काढली, सायकलींची काढली तर संघटनेचे बळ कमी दिसते असे कोणी सिद्ध केलेले नाही. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी याच यवत-वरवंडच्या वाटेने, रोटी घाट चढून जाते, आणि तिच्यामागे चालणाऱ्या लाखोंच्या सामर्थ्याला आजवर पेट्रोल लागलेले नाही.

अष्टविनायकाच्या यात्रेचेही तेच झाले आहे. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात, सिद्धटेकची वाट दौंडवरून. त्यामुळे या दोन तालुक्यांच्या रस्त्यांवर ही यात्रा बारमाही दिसते. दोन दिवसांत आठ गणपती 'करायचे' ठरवून निघालेली कुटुंबे टपावर सामान बांधून, शंभरच्या वेगात, घड्याळाकडे पाहत धावत असतात. ज्याला विघ्नहर्ता म्हणतो त्याच्या दाराशी पोहोचण्यासाठी वाटेत इतकी विघ्ने निर्माण करायची गरज काय? तिसरा दिवस काढावा. नाही निघाला तर चार गणपती या वर्षी आणि चार पुढच्या वर्षी. देव हजेरीपट घेऊन बसलेला नाही.

आणि एसटी? शिरूर आणि दौंड दोन्हीकडे आगारे आहेत. दौंडला तर रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. लिटरला चार-साडेचार किलोमीटर जाणारी एसटी बावीस प्रवासी घेऊन निघाली, म्हणजे अर्धीच भरली, तरी एका लिटरमध्ये नव्वद-शंभर प्रवासी-किलोमीटर होतात. एकट्या माणसाच्या मोटारीत ते पंधराच होतात. एसटीच्या आगारात चालकाचे काम डिझेलच्या हिशेबावरही जोखले जाते. दहा लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली हा आकडा तेथे बोलला जातो. ज्या चालकाला आपण खिडकीतून "काय रेटतोय राव" म्हणून हिणवतो, तो आपल्या धंद्यातला जाणकार असतो. ॲक्सिलरेटरवर पाय किती ठेवायचा हे त्याला पगारासाठी शिकावे लागले. आपल्याला देशासाठीही शिकावेसे वाटत नाही.

इतर देशांनी काय केले ते थोडक्यात सांगावे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेसारख्या मोटारवेड्या देशाने १९७४ मध्ये साऱ्या देशासाठी ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा घातली आणि ती १९९५ मध्येच पूर्णपणे उठली. लोकांनी ती मनापासून पाळली नाही, म्हणून अपेक्षेइतके इंधन वाचले नाही, हेही सांगितले पाहिजे; कायदा पायापर्यंत पोहोचतो, मनापर्यंत पोहोचायला दुसरे काही लागते. स्पेनने २०११ मध्ये लिबियातील यादवीने तेल महागताच काही महिने महामार्गांवरची मर्यादा १२० वरून ११० केली. आपल्याकडे १९७३ ची आठवण निघते ती अटलजी बैलगाडीतून संसदेत गेले त्या छायाचित्राची. ते आंदोलन दरवाढीविरुद्ध होते आणि ते योग्यच होते. पण दर वाढले की रस्त्यावर यायचे आणि वापराविषयी अवाक्षर काढायचे नाही, ही नंतरच्या पन्नास वर्षांत साऱ्याच पक्षांना लागलेली सवय त्या बैलगाडीतून आलेली नाही.

शेतमालाच्या पिकअपचा हिशेब मांडून हा विषय थांबवतो, कारण तेथे एकेक रुपया शेतकऱ्याच्या पदरातून जातो. शिरूरचा कांदा, दौंडची भाजी, दूध पहाटे पुण्याला पोहोचवणारा पिकअप दिवसाला १३० किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर ३९ हजार किलोमीटर धावतो. लिटरला बारा किलोमीटर धरले तर ३२५० लिटर डिझेल लागते. वेग सत्तरच्या आत, गतिरोधकाआधी पाय वर, टायरमध्ये योग्य हवा आणि बाजाराच्या दारात इंजिन बंद, एवढ्यावर पंधरा टक्के वाचले, तर लिटरला नव्वद रुपयांनी ते ४४ हजार रुपये होतात. कांद्याचा भाव आपल्या हाती नाही; हे ४४ हजार आहेत. येथल्या कारखान्यांनी गळीत सुरू होण्यापूर्वी ऊस वाहतूकदारांचे करार करताना एक दिवस चालकांना बसवून हे शिकवावे आणि त्याच दिवशी ट्रेलरना परावर्तक पट्ट्या लावून घ्याव्यात. बाजार समित्यांनी पिकअपवाल्यांसाठी तेच करावे. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. शिरूर आणि दौंडच्या आगारांतून निवृत्त झालेले एसटीचे चालक गावोगावी पारावर बसलेले आहेत, त्यांना बोलावून घ्यावे आणि मानधन द्यावे.